तंतुकणिका: सूत आणि कणीक

तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्याविषयी अमळनेरहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलीच्या वहीत ‘पेशी विभागताना तंतुकणिकांचेही सूत्री विभाजन होते व नंतर त्या पुन्हा जुळतात’ असं लिहिलंय, ते बरोबर का?

नाही. शिकवण्यांच्या नोट्समध्ये हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की डोकं उठतं. सूत्री विभाजन (मायटोसिस) केंद्रकाचं. दुप्पट झालेली गुणसूत्रं रांगेला लागतात आणि दोन बाजूंना ओढली जातात, त्याचं ते नाव. तंतुकणिकेत असलं काही घडत नाही. तिच्याभोवती डीआरपी१ या प्रथिनाचं कडं बसतं, आवळत जातं आणि तिचे तुकडे पडतात. याला विखंडन म्हणावं.

पण घोटाळा का होतो, ते पाहा. ग्रीकमध्ये ‘मितोस’ म्हणजे धागा, विशेषतः मागावरचा ताण्याचा धागा. १८८२ साली फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावरून ‘मायटोसिस’ शब्द घडवला आणि १८९८ साली त्याचाच देशबंधू बेंडा याने ‘मायटोकॉन्ड्रियन’. धागा तोच, पण मराठीत एकाचं ‘सूत्र’ झालं नि दुसऱ्याचं ‘तंतु’. हिंदीवाल्यांनी ‘सूत्रकणिका’ म्हणून नातं राखलं. तरी मला आपला ‘तंतु’च आवडतो. तो ‘तन्’ म्हणजे ताणणे या धातूचा, आणि विणकराचा ‘ताणा’ही त्याच धातूचा. मूळ ग्रीक शब्दाच्या इतकं जवळ ‘सूत्र’ जात नाही.

आता खरी गंमत पुढच्या अर्ध्यात आहे. ‘खोन्ड्रोस’ म्हणजे नुसता कण नव्हे, तर धान्याची भरड, कण्या. कूर्चा हा अर्थही त्याच शब्दाला आहे. आणि संस्कृत ‘कणिका’चं मराठीत काय झालं? कणीक! ग्रीक आणि संस्कृत हे दोन शब्द सख्खे नाहीत, पण दोघांचाही रस्ता जात्यावरून गेला.

खान्देशातल्या माणसाला तर हा शब्द समजावून सांगायलाच नको. खापरावरचे मांडे करताना वस्त्रगाळ पिठाची कणीक पाण्याचा हात लावत तिंबतात, परातीत आपटतात, इतकी की उचलली तर लांब तार सुटते. तोडली तर गोळा, दोन गोळे एकत्र मळले की पुन्हा एकजीव. तंतु आणि कणिका एकाच परातीत! माझ्या मते पेशीच्या या भागाचं याहून नेमकं चित्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

म्हणूनच ‘कणिका काढा, तंतुजाल म्हणा, कारण जिवंत पेशीत ते जाळं दिसतं’ असा आग्रह धरणारे परिभाषाकार मला साफ चुकीचे वाटतात. त्यांनी पेशीचक्र अर्धंच पाहिलंय. जी१ (पेशीच्या वाढीचा पहिला टप्पा) संपून डीएनए दुप्पट व्हायला लागतो त्या सुमारास तंतुकणिका एकमेकींत मिसळून लांबलचक जाळं होतं. बाहेरचं पटल मायटोफ्युसिन हे प्रथिन जोडतं, आतलं ओपीए१ हे प्रथिन. पण सूत्री विभाजन सुरू झालं की सायक्लिन-बी या प्रथिनाच्या जोडीने सीडीके१ हे विकर डीआरपी१वर फॉस्फेट चढवतं, विखंडनाला जोर येतो, आणि जाळ्याच्या कण्या होतात. तंतुकणिका पेशीला शून्यातून बनवता येत नाहीत, म्हणून दोन्ही लेकींच्या, म्हणजे विभाजनातून झालेल्या नव्या पेशींच्या, वाट्याला त्या याव्या लागतात. सुटे तुकडे वाटणं सोपं, गुंतलेलं जाळं वाटणं अवघड. मग लेकीच्या पेशीत पुन्हा जाळं. थोडंफार तुटणं-जुळणं एरवीही चालूच असतं. तंतूही खरा, कणिकाही खरी. जाळं म्हणाल तर विभाजनाच्या वेळी काय म्हणाल?

जुळण्याला ‘संमीलन’ चालेल. मला ‘सांधणं’ जास्त पटतं. चरख्यावर तुटलेलं सूत पेळूला लावून सांधतात, तसंच हे.

ताई, वहीत एवढं करा: ‘सूत्री विभाजन’ खोडून ‘विखंडन’ लिहा, आणि ‘पेशी विभागताना’च्या आधी ‘केंद्रकाचे सूत्री विभाजन होऊन’ घाला.