सागा, गाथा की बखर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळात 'काल्डहाइम' नावाचा संच आहे, नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथांवर बेतलेला. तो मराठीतून समजावून सांगताना त्यातल्या 'सागा' या कार्डांना 'गाथा' म्हटले तर चालेल का? आणि 'सागा' हाच शब्द ठेवायचा तर तो सागा म्हणायचे की ती सागा, आणि अनेकवचन काय करायचे?

उत्तर आधीच देऊन टाकतो. खेळताना 'सागा' असेच म्हणा आणि शब्द स्त्रीलिंगी चालवा. पण नवख्याला अर्थ सांगायची वेळ आली की 'गाथा' म्हणू नका, 'बखर' म्हणा. हा खेळ कुठल्याही भारतीय भाषेत छापला जात नाही, त्यामुळे मराठी प्रतिशब्द जे काही रुळतील ते डेक (आपल्या पानांचा गठ्ठा) मांडून बसलेल्या खेळाडूंच्या तोंडूनच रुळणार. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी आधी कार्डाविषयी. सागा हा एन्चँटमेंटचा, म्हणजे मैदानात राहून परिणाम करणाऱ्या जादूच्या कार्डाचा, एक पोटप्रकार आहे. २०१८ च्या डोमिनेरिया संचात तो पहिल्यांदा आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निघालेल्या काल्डहाइममध्ये तर तो आपल्या घरीच पोचला. या संचात दोन-दोन रंगांच्या दहा जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीच्या वाट्याला दोन सागा आल्या आहेत. कार्डाच्या उभ्या अर्ध्या भागात चित्र असते, उरलेल्या अर्ध्यात रोमन आकडे घातलेले अध्याय. कार्ड मैदानात आले की त्यावर एक काउंटर (मोजणीची खूण) ठेवायचा आणि पहिला अध्याय घडतो. पुढच्या प्रत्येक खेपेला आपण पान ओढले की आणखी एक काउंटर चढतो, पुढचा अध्याय घडतो, आणि शेवटचा अध्याय संपला की कार्ड उचलून बाद पानांत ठेवायचे. 'अर्नीने ट्रोल मारला' अशा अर्थाच्या नावाची एक सागा पाहा. पहिल्या अध्यायात तुमचा एक प्राणी समोरच्याच्या प्राण्याशी झुंजतो. दुसऱ्यात लाल 'माना' (पाने खेळायला खर्च करायची शक्ती) मिळतो आणि तुमच्या एका प्राण्याचे बळ वाढते. तिसऱ्यात तुमच्या सर्वांत बलवान प्राण्याच्या ताकदीइतके आयुष्य तुमच्या खात्यात जमा होते. झुंज, मग अंगात आलेली रग, मग मिळवलेला मान. गोष्ट क्रमाने सांगितली जाते आणि सांगून झाली की सांगणारा उठतो. कार्डाची ही रचना ज्याने बांधली त्याला सागा म्हणजे काय हे नेमके कळले होते, असे मला मनापासून वाटते.

कारण 'सागा' हा शब्द मुळात 'सांगणे' या क्रियेतूनच आला आहे. प्राचीन नॉर्स भाषेत 'सेग्या' म्हणजे सांगणे, बोलणे. त्याच धातूपासून 'सागा', म्हणजे सांगितलेली गोष्ट. इंग्रजीतला 'से' आणि जर्मनमधला 'झागेन' हे याच कुळातले. इथे मराठी कानाला एक मोह होतो: सागा आणि सांगणे! अर्थही तोच, उच्चारही शेजारचा. पण हा निव्वळ योगायोग आहे. नॉर्समधला तो 'ग' जर्मानिक शाखेत मागाहून तयार झाला. त्या जागी मुळात 'क'च्या वळणाचे व्यंजन होते. आपल्या 'सांगणे'तल्या 'ग'शी त्याचा धागा जुळत नाही. अर्थ लक्षात ठेवायला मात्र या योगायोगाचा उपयोग खुशाल करावा.

आइसलँडच्या आजच्या भाषेत 'सागा' म्हणजे गोष्ट आणि 'सागा' म्हणजेच इतिहासही. आपल्या 'इतिहास' शब्दाचाही मूळ अर्थ 'असे असे झाले' इतकाच होता आणि महाभारताला इतिहास म्हणायची परंपरा त्यातूनच आली. मराठीत तो शब्द आता शाळेच्या विषयापुरता आकसला, नाहीतर मी तोच सुचवला असता.

आता 'गाथा'. या शब्दाचा धातू 'गै', म्हणजे गाणे. गाथा गायची असते. वेदांत गाथा आहेत, पारशी धर्मग्रंथ अवेस्तातही गाथा आहेत, आणि सगळीकडे त्या पद्यच आहेत. महाराष्ट्री प्राकृतातल्या हालाच्या 'गाथासप्तशती'त एक गाथा म्हणजे दोन ओळींचे एक स्वतंत्र मुक्तक. कथेचा धागा नाही, पुढचा अध्याय नाही. तुकोबांची गाथा म्हणजे अभंगांचा संग्रह. सागा मात्र गद्य आहे. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या सागा साध्या, आखूड वाक्यांच्या गद्यात आहेत. 'अमुक नावाचा एक माणूस होता' असे म्हणून त्या सुरू होतात आणि बापाचे नाव, शेत कुठे, बायको कोण, भांडण कशावरून, असे सांगत पुढे जातात.

पाली जातकांचे उदाहरण इथे फार उपयोगी पडते. जातकात गोष्ट गद्यात चालते आणि मध्येच पात्राच्या तोंडी एखादे पद्य येते. त्या पद्याला 'गाथा' म्हणतात, सबंध गोष्टीला नाही. सागांची घडण हुबेहूब अशी आहे. गद्य चालू असताना नायक थांबतो आणि प्रसंगावर एक कडवे रचून म्हणतो. एगिल स्काल्लाग्रिमसन हा तर लढवय्याही आणि कवीही. त्याच्या सागेत त्याची कडवी जागोजागी पेरलेली आहेत. म्हणजे सागेच्या पोटात गाथा असतात. सबंध सागेलाच गाथा म्हटले तर अंशाचे नाव पूर्णाला दिल्यासारखे होते. नॉर्स साहित्यात 'गाथा' हे नाव शोभेल असे काही असेल तर ती एड्डा या जुन्या नॉर्स ग्रंथातली देवदेवतांची कवने.

यावर कोणीही म्हणेल की आजच्या मराठीत गाथा पद्यातच असते असे कुठे आहे? वर्तमानपत्रात 'यशोगाथा' रोज छापून येतात, 'शौर्यगाथा' असतात, आणि त्या गद्यातच असतात. हे खरे आहे. शब्द धातूला बांधलेले राहत नाहीत, आणि केवळ 'गै' धातूच्या जोरावर कोणाला चूक ठरवणे मला पटत नाही. पण या नव्या वापरात 'गाथे'ला एक वेगळाच रंग चढला आहे, तो गौरवाचा. यश, शौर्य, बलिदान यांची गाथा होते. फितुरीची गाथा होत नाही, कत्तलीची होत नाही. आणि काल्डहाइमच्या सागांची नावे पाहा. एकीत राजा नार्फीची दगाबाजी आहे, एकीत ब्लडस्काय टोळीने केलेली कत्तल, एकीत तोतयाचे पतन, एकीत कपटी देवाने केलेली चोरी. मूळ आइसलँडी सागांतही हेच. न्यालच्या सागेत कायद्याचा गाढा जाणकार असलेल्या न्यालला त्याच्या घरच्यांसकट घरात कोंडून जाळतात, आणि पुढे त्या जाळपोळीचा खटला उभा राहतो. त्याला 'न्यालची गाथा' म्हणायला जीभ अडखळते. 'न्यालची बखर' म्हणून पाहा. चटकन बसते.

बखर या शब्दाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती अरबी 'खबर'वरून आहे. अक्षरांची अदलाबदल होऊन खबरची बखर झाली, जशी नुकसानचे नुस्कान होताना होते. मजकुराच्या शेवटी येणाऱ्या 'बखैर' या फारसी शब्दावरून ती आली असेही एक मत आहे. पहिले मत धरले तर 'खबर' म्हणजे कळवलेली हकिगत आणि 'सागा' म्हणजे सांगितलेली हकिगत: दोन्ही शब्द गाण्याकडून नव्हे, सांगण्याकडून आले. दोन्ही गद्य. दोन्हींत घराणी, वैरे, वारसे, मुत्सद्देगिरी. दोन्हींत इतिहास आणि ऐकीव गोष्ट अशी मिसळलेली की इतिहासकाराला ती निवडून घ्यावी लागते. आणि बखरीला पराभवाचे वावडे नाही. भाऊसाहेबांची बखर पानिपताकडे जाते आणि तो सगळा विनाश अंगावर घेते.

फरक आहेत आणि ते लपवू नयेत. बखर बरेचदा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाई. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला १६९७ च्या सुमारास शिवचरित्र लिहिले ते राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, आणि लिहिणारा कोण हे आपल्याला ठाऊक आहे. आइसलँडी सागांचे लेखक बहुतेक अज्ञात आहेत. स्नोरी स्टुर्लुसनसारखे नाव हा अपवाद. सागाकार पात्राच्या मनात शिरत नाही, तो काय बोलला आणि त्याने काय केले तेवढेच सांगतो, तर पुष्कळ बखरकार नायकाला अवतार करून टाकतात. शिवाय आइसलँडी घराण्यांच्या सागा शेतकरी आणि सरदार यांच्या आहेत. ऑडिन, थोर, लोकी या नॉर्स देवांच्या कथा मुख्यतः एड्डांतून येतात. काल्डहाइमने देव, माणसे आणि राक्षस या सगळ्यांनाच सागेत बसवले आहे. ही खेळ करणाऱ्यांनी घेतलेली सूट आहे आणि मला ती खटकत नाही. बखरीची सुरुवातही पुष्कळदा पुराणातल्या वंशावळीपासून होतेच.

सागा नावाची एक देवीही आहे, हे जाता जाता सांगायला हवे. ऑडिन रोज तिच्यासोबत सोन्याच्या प्याल्यातून पितो असे एड्डातल्या एका कवनात आहे. तिच्या नावातला पहिला स्वर दीर्घ, गोष्टीच्या नावातला मुळात ऱ्हस्व, त्यामुळे दोन्ही शब्द एकच की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. देवनागरीत दोन्ही 'सागा' असेच लिहावे लागते.

आता लिंग. मूळ नॉर्समध्ये सागा स्त्रीलिंगी आहे, पण तेवढ्यावर मराठीत लिंग ठरत नाही. ठरते ते कानाला काय रुचते यावर. आकारान्त शब्द मराठीत दोन वळणांनी जातात: 'घोडा' पुल्लिंगी, म्हणून घोड्याचा, घोडे, 'कथा' स्त्रीलिंगी, म्हणून कथेचा, कथा. पुल्लिंगी धरला तर 'साग्याचा अध्याय' आणि 'तीन सागे' असे म्हणावे लागेल. मी असे कोणाला म्हणताना ऐकलेले नाही. न बदलता 'सागाचा अध्याय' लिहिले तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सागवानाचे झाड उभे राहते. म्हणून 'कथे'चे वळण उत्तम: ही सागा, सागेचा दुसरा अध्याय, सागेवरचा काउंटर, माझ्या डेकमध्ये चार सागा आहेत. कथा, गाथा आणि बखर तिघीही स्त्रीलिंगी असल्याने वाक्यातली क्रियापदेही बदलावी लागत नाहीत. गाथेच्या बाबतीत तुकोबांचा 'तो गाथा' असा पुल्लिंगी वापरही तुमच्या कानावर आला असेल. तो ग्रंथ या अर्थाने आहे, आणि तो इथे ओढायचे कारण नाही.

या संचातल्या आणखी एका शब्दाचे मराठी मला फार आवडते, म्हणून प्रश्नात नसताना सांगतो. लाल-पांढऱ्या रंगांची एक सागा आहे, तिच्या नावाचा अर्थ होतो स्काल्डांचा सामना. 'स्काल्ड' म्हणजे राजाच्या दरबारात त्याच्या पराक्रमाची कवने रचून म्हणणारा कवी. याला 'भाट' म्हणू नका, त्यात लाचारीचा वास येतो. 'शाहीर' म्हणा. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास आणि लढाईत राजाबरोबर जाऊन तिचे कवन बांधणारा स्काल्ड यांचे काम एकच. आणि शाहिरांचा सामना म्हटले की आपल्याकडे नाव तयारच आहे: कलगी-तुरा. त्या कार्डाचा पहिला अध्याय डेकमधली वरची चार पाने बाजूला काढतो आणि पुढच्या खेपेच्या अखेरीपर्यंत ती खेळायची मुभा देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत तुम्ही जितके मंत्र टाकाल तितक्यांदा तुमच्या एखाद्या प्राण्याचे बळ वाढते. एकाने पद टाकायचे, त्यावर चढे पद यायचे आणि फडाचा जोर वाढत जायचा, हे ज्याने सवाल-जवाब ऐकले आहेत त्याला या कार्डाचे नियम दोनदा समजावून सांगावे लागणार नाहीत.

तेव्हा तुमच्या मित्रांना सांगताना वाक्य साधारण असे ठेवा: 'ही सागा आहे, म्हणजे बखर समज, दर खेपेला तिचा एक अध्याय घडतो आणि शेवटचा झाला की ती बाद पानांत जाते.' त्यानंतर 'बखर' पुन्हा म्हणायची गरज पडणार नाही, 'सागा' पुरेल.