पिट्सबर्गला राहायला जाताना
खोली ठरवण्याआधी नगरहद्द बघ. शहरात राहणाऱ्याच्या पगारावर 3 टक्के स्थानिक कर आहे. हद्दीबाहेरच्या बऱ्याच गावांत 1 टक्क्याच्या आसपास.

आणि पोलादाच्या गोष्टी ऐकून नोकरीचा अंदाज बांधू नकोस. 1950 साली पावणेसात लाख वस्ती होती, 2020 मध्ये तीन लाख. ऐंशीच्या दशकात भट्ट्या विझल्या. आता पोट भरतं ते इस्पितळं आणि विद्यापीठांवर, यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या उंच इमारतीवरच यूपीएमसी या रुग्णालयवाल्यांची अक्षरं झळकतात. कार्नेगी मेलन विद्यापीठामुळे रोबोटवालेही जमलेत.

माणसं बोलकी. स्टीलर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल मात्र वाकडं बोलू नकोस. हिवाळ्यात रस्त्याकडेला रिकामी खुर्ची दिसली, तर ती हलवून गाडी लावायची नाही. कुणीतरी बर्फ उपसून जागा राखलेली असते. कायद्यात बसत नाही, पण पाळतात.