समाधी, कबर की थडगं?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविक गावी सेंट मेरी चर्चच्या आवारात सतराव्या-अठराव्या शतकांतली दगडी 'चेस्ट टूम' (chest tomb, म्हणजे पुरलेल्या जागेवर रचलेली पेटीसारखी स्मारकं) आहेत. प्रवासवर्णनात त्यांना 'समाध्या' म्हणावं का 'शवपेट्या'?

शवपेट्या तर मुळीच नको. चार बाजूंना कोरीव फरशा, वर जाड शिळा, म्हणजे दिसायला पेटी खरी. पण आत पोकळी असते. माणूस पुरलेला असतो खाली, जमिनीत. शवपेटी लिहिलंत तर वाचकाला वाटेल, त्याला उघड्यावरच ठेवलाय.

समाधीही खटकते. आळंदीची समाधी, रायगडावरची समाधी म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. पेन्सविकच्या या टूम बऱ्याचशा कापडाच्या धंद्यात गबर झालेल्या घराण्यांच्या.

कबर अरबीतून आलेला शब्द. मुळात पुरण्याची जागा. मकबराही त्याच धातूचा, पण त्यात वरची इमारत आली. खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे, उघड्या आभाळाखाली; त्याच्या बेगमेचा मात्र मकबरा आहे. पेन्सविकला कबर खाली आणि तिच्यावर रचलेला हा दगडी डोलारा. त्याला आपल्याकडे शब्द आहे थडगं. कानाला जरा राकट लागतो, शिवाय भांडणात कुणी कुणाचं थडगं बांधायला निघतं, म्हणून लेखक बिचकतात. मी बिनदिक्कत वापरेन.

प्रकार सांगायचा तर 'पेटीवजा थडगं'. 'चौथरा' नको, चौथरा भरीव वाटतो. इंग्रजीत 'टेबल टूम'ही म्हणतात, पण काटेकोर बोलणारे ते नाव पायांवर शिळा टेकवलेल्या प्रकारालाच देतात. त्याला 'चौरंगी थडगं' शोभेल. (सत्यनारायण आठवला तर माझा इलाज नाही!) ऑक्सफर्डशायरच्या बर्फर्डमध्ये काही थडग्यांच्या माथ्यावर खाचा पाडलेला गोलसर दगड आहे. ती लोकरीची गासडी, असं तिथे सांगतात. इंग्रजीत 'बेल टूम'. देवनागरीत हे वाचून कुणी देवळातली घंटा शोधत बसेल, त्यापेक्षा 'गासडी-थडगं' लिहा. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

पेन्सविकमधल्या उंच, सुट्या थडग्यांना 'टी कॅडी' म्हणतात. तिथे सरळ 'चहाचे डबे' लिहा, फक्त अवतरणचिन्हांत, कारण ते टोपणनाव आहे.