दोन देशांत चिरलेलं हंगेरियन गाव

हंगेरीच्या बाहेर हंगेरियन गावं कशी, असा प्रश्न पडतो. स्लोव्हाकिया-युक्रेन सरहद्दीवरच्या सेल्मेंत्स या गावाचा इतिहास पाहिला की ते चटकन कळतं. ही माणसं बाहेरून येऊन वसलेली नाहीत. सरहद्दी बदलत गेल्या, गाव होतं तिथेच राहिलं.

पश्चिम युक्रेनमधल्या उझहोरोद शहराच्या नैऋत्येला, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवरचा हा सपाट शेतीचा प्रदेश. नॉज्य-सेल्मेंत्स (आज स्लोव्हाकियात) आणि किश-सेल्मेंत्स (आज युक्रेनमध्ये), म्हणजे आपल्याकडचं बुद्रुक आणि खुर्द, एकाच रस्त्याने जोडलेली. 1920 पर्यंत दोन्ही हंगेरीच्या उंग परगण्यात होती. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीची हद्द ठरवणाऱ्या त्रियानोंच्या तहाने ती चेकोस्लोव्हाकियात गेली, 1938 मध्ये जर्मनी-इटलीने दिलेल्या व्हिएन्ना निवाड्याने परत हंगेरीत आली. 1945 मध्ये चेकोस्लोव्हाकियाने सबकार्पाथिया (आजच्या युक्रेनचा पश्चिम टोकाचा भाग) सोव्हिएत संघाला दिला आणि नवी हद्द नेमकी याच रस्त्यावर आली. तिथे ना नदी, ना डोंगर. 1946 मध्ये काटेरी तारेचं कुंपण उभं राहिलं. समोरच्या घरातल्या भावाला भेटायचं तर व्हिसा काढून उझहोरोदमार्गे वळसा घालायचा. कुंपणापलीकडे हाका मारायला बंदी होती, म्हणून शेतात काम करताना लोक जन्म-मृत्यूच्या बातम्या गाण्याच्या चालीवर पलीकडे पोचवत. किश-सेल्मेंत्समध्ये 1910 साली जन्मलेला माणूस दीर्घायुषी निघाला असता, तर घर न सोडता त्याने पाच देश पाहिले असते: ऑस्ट्रिया-हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, सोव्हिएत संघ आणि युक्रेन.

तार ओलांडायची वाट 23 डिसेंबर 2005 ला उघडली. दोन्ही बाजूंना कोरीव लाकडी सेकेय (ट्रान्सिल्व्हेनियातल्या हंगेरियन भाषकांच्या शैलीतल्या) दरवाजाचा अर्धा-अर्धा भाग उभा आहे. तो मुद्दाम चिरूनच बसवलाय.

जुन्या नोंदी शोधणारे हमखास इथे अडकतात. 1920 पूर्वीचं काही हवं असेल तर हंगेरियन नावाने, उंग परगण्यात शोधा. फक्त स्लोव्हाक ‘वेल्के स्लेमेंत्से’ किंवा युक्रेनी ‘माली सेल्मेंत्सी’ टाकून थांबू नका.

जायचा विचार असेल तर आधी हे बघा. ही वाट फक्त पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे, तीही युरोपीय संघाच्या आणि युक्रेनच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर दोन्ही व्हिसा असले तरी इथून पलीकडे सोडत नाहीत. युद्धामुळे युक्रेनच्या बाजूचा बेत सध्या करूच नका. शेंगेन व्हिसावर स्लोव्हाकियातल्या व्हेल्के कापुशानीहून नॉज्य-सेल्मेंत्स गाठता येतं, आणि दरवाजाचा त्या बाजूचा अर्धा भाग तिथेच आहे.