डिझेल संपून बंद पडलेला ट्रॅक्टर टाकी भरूनही चालू का होत नाही?

टाकी भरल्यावर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जोरात फिरतो पण सायलेन्सरमधून जराही धूर निघत नाही, असं होतंय का? म्हणजे बॅटरी ठीक आहे, डिझेलच नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत) पोचत नाही. टाकी कोरडी पडली की लाइन हवा धरते. नोझल उघडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो. पाइपात हवा असली की ती नुसती दबते, तेवढा दाब होतच नाही.

आधी स्टॉपची (इंजिन बंद करायची) दांडी पूर्ण आत गेलीय का बघा. ती ओढलेली राहिली तरी लक्षणं हीच दिसतात.

आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, टाकीत निदान १० लिटर डिझेल, कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट एक आटा सैल करून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) हातदांडी मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळा, दांडी थांबवून आवळलात तर हवा परत आत. मग दुसरा फिल्टर, शेवटी मुख्य पंपावरचा (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या) बोल्ट. दांडी पोकळ लागत असेल तर इंजिन सेल्फने किंचित फिरवून पुन्हा मारा.

एवढ्यावर बहुतेक गाड्या चालू होतात. नाहीच झाली तर दोन नोझलांचे पाइपाचे नट अर्धा आटा सैल करा, रेस पूर्ण द्या, १० सेकंद सेल्फ मारा. तिथून डिझेल उडालं की आवळा. हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. दोन सेल्फमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल आणि खर्च दुप्पट. एअर क्लीनरमध्ये पेट्रोल ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कॉमन रेल इंजिन, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना फार जास्त दाबाचं डिझेल देणारं, असेल (२०२३ पासूनच्या ५० एचपीवरच्या बऱ्याच नव्या गाड्यांत असतं) तर नोझलचे नट अजिबात सोडू नका, मेकॅनिकच बोलवा.

हवा पुन्हापुन्हा धरत असेल तर टाकी ते फीड पंप हा भाग तपासा: चिरलेला रबरी पाइप, फीड पंपाआधी फिल्टर असेल तर त्याचं पॅकिंग, बोल्टखालचे तांब्याचे वॉशर. वॉशर जुने परत वापरू नयेत. या भागात पंप डिझेल ओढत असतो, म्हणून फट असूनही बाहेर थेंब दिसेलच असं नाही. आणि अर्धा-पाऊण तास चालून गाडी दम तोडत असेल, तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलंय का पाहा.