सेन्सरच्या पट्टीचं पेटंट: फाईलवर ईमेल कोणाचाय ते आधी बघा

परभणीच्या ज्या भावानं विचारलंय की घामानं दंडावर चिकटवलेला शुगर मोजायचा सेन्सर निघू नये म्हणून छिद्रांची पट्टी बनवलीय, कॉलेजवाले आमच्यामार्फत पेटंट टाका म्हणायलेत, टाकू का, आणि अर्जाचा मसुदा पण टाकलाय, त्यांच्यासाठी लिहायलोय. डिट्टो माझीच केस. वडिलांसाठी कव्हर केलं होतं मी. मे महिन्यात शेतातून आले की पट्टीची कड खालून सुटायची, बाहीला अडकायची आणि चौदा दिवसांचा सेन्सर आठवडाभर पण टिकायचा नाही.

फॉर्म-बिर्म सगळं पेटंट ऑफिसच्या पोर्टलवर आहे, ते सांगत बसत नाही. फक्त एकट्या माणसाची ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे हे लक्षात ठेवा, एजंट काहीही आकडा फेकतात.

खरा घोळ पुढं होतो. मी ज्या कॉलेजच्या कार्यालयामार्फत टाकलं (नाव घेत नाही, उगं वाद नको) त्यांनी पत्रव्यवहाराला स्वतःचाच ईमेल दिला. अर्ज प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र गेटवर माझ्या फोटोचं फ्लेक्स, सत्कार, पेढे, सगळं. अरे बाबांनो, १८ महिने झाले की जवळपास सगळेच अर्ज प्रसिद्ध होतात, ते मिळणं नव्हे! नंतर परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, त्या ईमेलवर येऊन पडला. उत्तराला सहा महिने असतात, मुदतीच्या आत मागितले तर अजून तीन. पण मेल बघणाऱ्या सरांची बदली झालेली, पासवर्ड कोणालाच माहीत नाही, आणि मी फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी मीच अर्ज क्रमांक टाकून स्टेटस बघितलं तर "अबँडन्ड", म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून अर्ज सोडून दिला असं धरलं. पेटंट कायद्याचं कलम २१. वार्षिक फी राहिली म्हणून बंद पडलेलं पेटंट परत चालू करायची सोय कायद्यात आहे, पण असा सोडलेला धरलेल्या अर्जासाठी बहुतेक वेळा हायकोर्टाची पायरी चढावी लागते. एका पट्टीसाठी कोण चढणार?

म्हणून कॉलेजमार्फत टाकलंत तरी तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल त्यात घालूनच घ्या आणि दर महिन्याला स्टेटस स्वतः बघा. अर्जदाराच्या रकान्यात कोणाचं नाव टाकायलेत ते पण वाचा, संशोधक म्हणून नुसतं नाव आलं तर मालकी कॉलेजची. माझं मत विचाराल तर स्वतःच्या नावानं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण मसुद्याला १२ महिने मिळतात.

तुम्ही टाकलेल्या मसुद्यात पहिलाच दावा (म्हणजे कशावर हक्क मागताय ते वाक्य) "शुगर वाढल्याचं ओळखायची पद्धत" असा आहे, तो काढा. रोगनिदानाची पद्धत कलम ३(आय) मध्ये अडकते, ॲपचं नुसतं गणित ३(के) मध्ये. छिद्रं कुठं, थर किती, कड कशी दाबली जाते, हे लिहा. आणि आधीची पेटंट बघताना "ग्लुकोज" टाकून शोधू नका, चिकटपट्टीचे शब्द टाकून शोधा, मोठ्या कंपन्यांनी ह्या बारीकसारीक गोष्टीवर पण ढिगानं पेटंट घेतलीत. ॲबट आणि डेक्सकॉम ह्या सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या तर २०२१ पासून कोर्टात भांडत होत्या, डिसेंबर २०२४ मध्ये दहा वर्षं एकमेकांवर केस करायची नाही असं ठरलं तेव्हा थांबल्या.

अर्जाआधी प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडू नका हो, नवेपणा जातो. कलम ३१ ची सवलत सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आहे, गॅदरिंगच्या स्टॉलला नाही.

मी वकील नाही, अनुभवावरून सांगायलोय, मसुदा एकदा जाणत्याला दाखवा. आणि विकायचं डोक्यात असेल तर पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली तुमची पट्टी कुठं बसते ते वेगळं विचारून घ्या.