इटलीतल्या वारेन्ना रेल्वे स्टेशनचा इतिहास काय आहे आणि तिथे सोयी कशा आहेत?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की आई-वडिलांना घेऊन मिलानहून एका दिवसासाठी लेक कोमोला जायचंय, वारेन्नाला उतरायचा विचार आहे, आणि एवढ्याशा स्टेशनला काही इतिहास असतो का याचंही कुतूहल आहे. मी मिलानमध्ये राहतो. घरी पाहुणे आले की पहिली फेरी हमखास तिकडेच निघते, म्हणून लिहितो.

सोयींचं आधी उरकतो, कारण त्या फार नाहीतच. पाटीवर नाव लांबलचक आहे, वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो. खालचं वारेन्ना आणि डोंगरावरची दोन गावं अशा तिघांत मिळून हे एक स्टेशन. (यातल्या एसिनो लारिओ या चिमुकल्या गावात 2016 साली विकिपीडियावाल्यांचं जागतिक संमेलन, विकिमेनिया, भरलं होतं.) तिकिटाला यंत्र आहे, पण परतीचं तिकीट मिलानलाच काढून ठेवा. संध्याकाळी त्या यंत्रापुढे रांग लागते आणि गाडी कोणासाठी थांबत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात पंच करायचं. विसरलात तर दंड, आणि 'आम्ही परदेशी आहोत' हे कारण चालत नाही. क्लोकरूम धरून चालू नका, लिफ्टही धरून चालू नका. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर मोठ्या बॅगा मिलानलाच ठेवा. स्टेशनपासून बोटीचा धक्का चालत दहाएक मिनिटांवर आहे. जाताना उतार असतो. येताना तोच चढ होतो, त्यामुळे परतीला जरा जास्त वेळ हाताशी ठेवा.

आता इतिहास, आणि तो खरोखरच मोठा आहे.

सरोवराच्या पूर्व काठाने जाणारा हा मार्ग 1892 मध्ये लेक्कोहून वारेन्नामार्गे बेल्लानोपर्यंत आला आणि 1894 मध्ये कोलिकोला पोचला. गंमत म्हणजे कोलिकोच्या पुढचा, सोंद्रिओपर्यंतचा रेल्वेमार्ग 1885 मध्येच तयार होता. पण तो उरलेल्या इटलीच्या रेल्वेला जोडलेलाच नव्हता, मधलं अंतर आगबोटीने काटावं लागे. कारण नकाशा पाहिलात की कळतं. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, रुळांना सपाट जागा नाही, म्हणून बोगद्यामागून बोगदे खोदावे लागले.

आणि बोगद्यांत वाफेचं इंजिन म्हणजे धूर. शिवाय इटलीत कोळसा जवळपास नाहीच, तो बाहेरून विकत आणायचा. याउलट आल्प्समधून धो धो पाणी येतंय. तेव्हा या पाण्याला इटालियन लोक 'पांढरा कोळसा' म्हणायचे. मग बुडापेस्टच्या गान्झ कंपनीचा काल्मान कान्दो हा तरुण इंजिनिअर पुढे आला. मोर्बेन्योजवळ आद्दा नदीवर वीजकेंद्र उभं राहिलं आणि 1902 मध्ये लेक्को ते सोंद्रिओ आणि कोलिको ते कियावेन्ना अशा सुमारे 106 किलोमीटर मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. तीन फेजची (म्हणजे एकाच वेळी तीन वाटांनी वाहणारी), तीन हजार व्होल्टची वीज. उच्च दाबाच्या विजेवर मेनलाइन चालवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयोग. तेव्हा कान्दो तेहेतीस वर्षांचा होता. आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली ती 3 फेब्रुवारी 1925 ला, म्हणजे तेवीस वर्षांनी.

रुळांच्या वर त्या वेळी एक नव्हे, दोन तारा असायच्या. दोन फेज तारांतून, तिसरा रुळांतून. त्यामुळे जिथे रूळ फाटतात तिथे वरच्या तारा एकमेकींना भिडू नयेत म्हणून केवढी कसरत! इंजिनातल्या या विजेच्या मोटारींना वेगही मनासारखा बदलता येत नसे, ठरावीक वेग तेवढेच. मात्र उतारावर मोटारच ब्रेकचं काम करायची आणि वीज तारेत परत जायची. आजच्या मेट्रोवाले ज्याची जाहिरात करतात ते इथे तेव्हाच चालू होतं. पुढे ही पद्धत वायव्य इटलीभर पसरली आणि तिची शेवटची गाडी 1976 मध्ये धावली. वारेन्नाच्या मार्गावर मात्र त्याच्या बरंच आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज आली, तिला वर एकच तार पुरते. आज तिथे वर पाहिलंत तर नेहमीसारखीच तार दिसेल. एवढ्या गोष्टीची खूण म्हणून फलाटावर निदान एक पाटी ठळक दिसावी असं मला वाटतं, पण माणसं उतरतात ती थेट बोटीकडे पळतात.

जायचं कसं? मिलान सेंट्रलहून तिरानोला जाणारी त्रेनोर्द या तिथल्या लोकल रेल्वे कंपनीची गाडी पकडा. साधारण तासातासाने असते आणि तासाभरात वारेन्नाला पोचवते. सीट नंबर नसतो, जाताना डावीकडची खिडकी धरा. लेक्को सोडलं की बोगदा, सरोवर, बोगदा, सरोवर असं सुरू होतं. वाटेत मांदेल्लो लागतं, तिथे स्टेशनलगतच 1921 पासूनचा मोटो गुत्झी या मोटरसायकल कंपनीचा कारखाना आहे. वडील बुलेटप्रेमी असतील तर आधीच सांगून ठेवा. वारेन्नाला गाडी जेमतेम थांबते, तेव्हा आधीच दाराशी उभे राहा.

लेक्कोच्या पुढे बराचसा मार्ग एकेरी आहे. कोकण रेल्वेसारखंच, समोरची गाडी लेट की क्रॉसिंगसाठी आपलीही लेट. म्हणून त्याच रात्री मिलानहून विमान असेल तर शेवटच्या गाडीवर विसंबू नका. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी संप आहे का ते तपासा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. अगदीच संपात सापडलात तर त्या दोन वेळांतच जाणं-येणं बसवा.